उजव्या मनगटावरचं घड्याळ

ती. मालूताईस,

पनवेलहून काशीरामचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मनस्वीच्या लग्नाची धावपळ तूच करत असशील, म्हणजे विचारण्यात अर्थ नाही.

परवा मी एक मुलाखत दिली. फुकटात होईल वाटलं होतं. लागलं ते असं: चहा चार कप, तू पाठवलेलं कोळंबीचं लोणचं अर्धी बरणी, आणि तीस वर्षं मिटून ठेवलेलं तोंड.

झालं असं की अनुया नावाची एक मुलगी हळदीच्या गाण्यांवर पीएचडी करतेय. (आईला हे सांगितलं असतं तर तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या.) तिने विचारलं, तुमची दोनशे गाणी ऐकून बायका रडतात, बाईच्या मनातलं तुम्हाला कळतं कसं? मी ऐटीत कान दाखवले. म्हटलं, या कानांतून काही सुटत नाही. पोरं माझ्या चालण्याची नक्कल करत, खेळायला घेत नसत, तेव्हा माझी ताई त्यांना म्हणायची, "तो आमच्यात बसल. तुमी जा." मग ओटीवर बायकांबरोबर जवळा निवडता निवडता ऐकलं, नाव न घेता माणसाचं कौतुक कसं करायचं. शाळा म्हणाल तर तीच. बाकी मी गप्प राहिलो. गावी आपट्यात आजवर कोणाला पत्ता लागू दिला नाही, तर हिला कुठून लागणार?

तिने वहीचं पान उलटलं. म्हणाली, दोनशे गाण्यांत नवरीचं नाक कुठेच नाही. केस एकदा आलेत, तेही तेल लावण्यापुरते. नवरा मात्र नखापर्यंत आहे. आणि प्रत्येक नवरा डावखुरा, घड्याळ उजव्या मनगटावर. "सर, हा एकच माणूस आहे का?"

नेमका तेव्हाच स्टुडिओतला गुरुदत्त चौथा कप घेऊन आला. डाव्या हाताने. तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. गुरुदत्तने विचारलं, साखर कमी पडली का?

मग सांगून टाकलं. स्टुडिओच्या पाटीवर ज्याला पार्टनर लिहिलंय त्याच्याबरोबरच मी राहतो, आणि गाण्यांत दारात उभी राहून वाट बघते ती मी. ताई, तुला आधी सांगायला हवं होतं. तुमच्या प्रत्येक कार्याला मी एकटा आलो, आणि तो रेकॉर्डिंगचं निमित्त काढून घरी बसला. त्याच्यावरची गाणी त्याच्याशिवाय वाजली.

तुझा,
काशीराम

ता. क. मनस्वीच्या हळदीचं गाणं तयार आहे. ते त्याच्यासमोर म्हणायचंय. पत्रिका मिळाली, पण सगळ्यांच्या पाकिटावर 'सहकुटुंब' लिहितेस, तसं माझ्यासाठी एक नवं पाकीट पाठवशील? नाही जमलं तर एकटा येईन, रुसणार नाही. (रुसेन.)

पुन्हा ता. क. या पत्राला पाकीट शोधत होतो. मी पत्रिका काढून पाकीट फेकतो, गुरुदत्त वाण्याची यादी लिहायला उचलून ठेवतो. त्याच्या खणात तुझी सात सापडली, परेशच्या लग्नापासून या वेळचं धरून. कधी बोलला का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "तू 'चल' म्हणायची वाट बघत होतो."

सातही पाकिटांवर तुझ्या अक्षरात 'सहकुटुंब' आहे.