खाचराचं ताट

प्रिय वन्सं,

आज मी तुमचं गुपित फोडलं. खेकड्यांची गोष्ट खोटी होती, हे भाऊजींना सांगून टाकलं. तेही चार माणसांसमोर, तुमच्याच खाचरात उभं राहून. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नसता. म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते आहे. तुम्ही गेलात तिथे तुम्हाला कोण सांगणार म्हणा, पण तुमचा नेम नाही.

माफी मागायला लिहीत नाही. का सांगितलं, ते सांगायला लिहिते आहे.

तुमच्या धाकट्या भावानं नांगर आणलाय, वन्सं. लोखंडी. घाटावर मेहुण्यांच्या शेतात त्यांनी तो चालताना पाहिला. तिथल्या काळ्या जमिनीत तो हातभर खोल जातो, खालची माती वर आणतो, ती ऊन खाते आणि मग गहू असा येतो की बघत राहावं. ते मी खोटं म्हणत नाही. मोखाड्याच्या घाटानं गाडीत घालून तो नांगर अंगणात उतरवला, तेव्हा आपला गडी जानकू त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "बाय, याला बैल कशाला जोडायचं? यो तर सोताच रेडा हाय."

सगळे हसले. मीही हसले. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, नांगराचं पहिलं तास ताईच्या खाचरात. वर्षानुवर्षं आपण नुसतं वरवर खरवडतोय. खालची माती वर आली पाहिजे. ताईला किती बरं वाटलं असतं."

तिथे माझं हसू थांबलं.

तुमचं खाचर! दाभोशाला नदी वळते त्या कुशीतलं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही मला तिथे नेलंत आणि माझ्या तळहातावर चिमूटभर सुकी माती ठेवलीत. "चोळून बघ." मी बोटांनी चोळली. कचकच नाही, खरखर नाही. मैदा असावा तशी. "आता थुंकी लाव." मी लाजले. कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी शेतात उभी राहून हातावर थुंकणार? तुम्हीच नदीतून ओंजळभर पाणी आणलंत आणि म्हणालात, "घ्या मडम." ओली झाल्यावर तीच माती लोण्यासारखी झाली. वळून बघितली, तर चिकणमातीची होते तशी वळी काही होईना, बोटाएवढी झाली की तुटायची. "सुकली की पीठ, भिजली की लोणी. आणि दोन्ही वेळा हातात राहत नाही," असं तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून मी तुमची मडम झाले. घरात, शेजारात, सोयऱ्यांत. तुमच्या भावांनीसुद्धा कधी कधी तेच नाव घेतलं.

मडम असण्याचा एक फायदा मात्र तुम्हाला झाला, कबूल करा. शाळेत आमच्या मदरनं भूगोलाच्या तासाला केलं होतं तसं मी खडीसाखरेची काचेची बरणी रिकामी केली, त्यात मूठभर खाचराची माती घातली, वर पाणी ओतलं, झाकण लावून खळखळ हलवली आणि चुलीशेजारी ठेवली. रेती होती ती बरणी खाली टेकेपर्यंत तळाला बसली. कितीशी ती, चिमूटभर. मग गाळ. तो सावकाश बसत राहिला, आधणातला भात शिजून उतरेपर्यंत. करडा, दाट, बरणीचा बहुतेक भाग त्यानंच घेतला. आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहिलं. ते निवळलं तेव्हा गाळावर नखाएवढा जाड चिकणमातीचा थर दिसला.

तुम्ही बरणी उजेडाला धरून बराच वेळ बघत होतात. "रेती चिमूटभर, चिकण नखभर, बाकी सगळा गाळ. तुझ्या मदरला कुठं भात लावायचा होता गं?"

"नाही, भूगोल शिकवायचा होता."

"मग भूगोल बरा आहे म्हणायचा."

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो मला सुचला नव्हता. चिकण एवढीशी आहे, तर आपलं खाचर पाणी धरतं कशाच्या जोरावर?

त्याचं उत्तर आपल्याला नदीनं दिलं. एका पावसाळ्यात तिनं खाचराचा काठ तोडून नेला. तुम्ही काठावर बसून गेलेल्या जमिनीकडे बघत होतात. मी खाली उतरून विळ्यानं ती तुटलेली बाजू तासून साफ केली. आठवतं का, आपण दोघी तिथे किती वेळ होतो?

सगळ्यात वर त्या वर्षीच्या पुराची साय. सुकून तिचे पापुद्रे झालेले, कडा वर वळलेल्या, पापड उन्हात घातल्यासारख्या. त्याखाली वीतभर करडी, मऊ, नांगरटीची माती. तिच्यात भाताची जुनी मुळं कुजून गेलेली आणि त्यांच्या वाटांवर गंजासारख्या तांबूस रेघा. मग एक थर आला, चार बोटं जाडीचा, निळसर, घट्ट. विळ्याचं टोक त्यावर आपटलं तर आवाज वेगळा आला. मुळं तिथवर सरळ येत आणि तिथे आडवी पसरत. त्याच्या खाली पुन्हा मोकळी पिवळट माती, बारीक रेतीच्या पट्ट्यापट्ट्यांची, घडी घातलेल्या लुगड्याच्या काठासारखी. त्याच्याही खाली रेती, गोल गोटे. नदी पूर्वी तिथून वाहत असणार. हात घातला तर गार.

"ही चार बोटं नदीनं आणलेली नाहीत," तुम्ही म्हणालात. "ही आपण केली." वर्षानुवर्षं चिखलणीत बैलांच्या खुरांनी, माणसांच्या पायांनी, लाकडी नांगराच्या तळानं दाबून दाबून. आजे, पणजे, त्यांचे बैल. तुम्ही त्या थरावरून बोट फिरवलंत. "हे ताट आहे, मडम. वर वाढायचं ते यात वाढायचं."

इतकं सगळं ज्यांना ठाऊक, त्यांनीच ताटाला भोक पाडावं?

आमच्या शालूच्या लग्नाला चुली घालायच्या होत्या. नुसत्या गाळाची चूल भुसभुशीत होते, आग लागली की ढासळते, म्हणून तुम्हाला घट्ट माती हवी होती. गावात चिकणमाती काय कमी होती? पण नाही. भाचीच्या लग्नाच्या चुली आपल्याच खाचराच्या मातीच्या हव्या, हा तुमचा हट्ट. आपल्याकडे लग्नाच्या चुलीला घरची माती लागते हे खरं, पण ती वरची मूठभर, नावापुरती. तुम्ही कोपऱ्यात कुदळ घेऊन बसलात आणि नेमका तो निळसर थर पाटीभर पाटीभर काढलात. चुली सुरेख झाल्या. एकीलाही तडा गेला नाही. पंगतीला बायका चुलींचं कौतुक करत होत्या आणि तुम्ही पदर खोचून उभ्या होतात, तुमचंच लग्न असावं तशा.

पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात पाणी ठरेना. सगळं खाचर भरलेलं, आणि तो कोपरा तहानलेला. आवणी झाली, लावलेली रोपं पिवळी पडली. भाऊजी तेव्हा नाशकात नोकरीला होते. सुट्टीत आले आणि त्यांनी विचारलं, "ताई, इथं काय झालं?"

"खेकडे," तुम्ही म्हणालात. डोळ्याचं पातं लवलं नाही तुमचं. "बांधाखालून पोखरलंय मेल्यांनी."

त्यानंतर रात्री मला म्हणालात, "त्याच्यापुढे बोलू नकोस. त्याला वाटतं ताईला शेतातलं सगळं कळतं." मी नाही बोलले. आपण त्या कोपऱ्यात नदीची चिकण आणून ओतली, शेण ओतलं, आणि पुढचे पावसाळे तुडवत राहिलो. एवढ्याशा कोपऱ्यात बैल वळेनात, म्हणून तुम्ही, मी आणि जानकूची सोमी. एकमेकींच्या कमरेला धरून, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, गोल गोल. मला ते दिवस किती आवडायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मदरनं मला पाहिलं असतं तर तिनं छातीवर क्रूस केला असता.

कोपरा बरा झाला. पण किती वर्षांनी, वन्सं! आणि तो फक्त कोपरा होता. भाऊजी सगळं खाचर उलथायला निघाले होते.

मी आधी घरात सांगून पाहिलं. म्हटलं, भाऊजी, घाटावरची जमीन काळी, चिकट, तिला फोडायलाच हवी. आपली गाळाची. तिच्यात स्वतःचं बळ नाही, खालचं ताट आहे म्हणून पाणी आहे. ते म्हणाले, "वहिनी, तुमची ती बरणी अजून फुटली नाही वाटतं."

मग मी म्हटलं, बरणी राहू दे. खाचरातच चला.

आज सकाळी गेलो. भात झोडून झालाय, जमिनीत अजून ओल आहे. जानकूला मध्यभागी दोन खड्डे खणायला लावले. एक ताटापर्यंत, तिथे कुदळीचा आवाज बदलला की थांबायचं. दुसरा ताट फोडून खाली, फाळ जाईल तितका. ते माप भाऊजींनी स्वतः दिलं. सोमीनं आणि तिच्या सुनेनं नदीवरून हंडे आणले, दोन्ही खड्डे काठोकाठ भरले. मग आम्ही करंजाखाली बसून नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मी भाऊजींकडे बघत नव्हते. तेही माझ्याकडे बघत नव्हते.

उठून पाहिलं तर एका खड्ड्यात पाणी होतं. दुसऱ्यात ओली रेती.

मला वाटलं, झालं. पण तुमचा भाऊ तो. "एका खड्ड्यावरून काय ठरतं? त्या कोपऱ्यातही पाणी राहत नव्हतं. तिथं कुठं नांगर लागला होता? खेकडे होते. ताईनंच मला सांगितलंय."

ताईनंच. बघा, तुमचाच शब्द माझ्या आडवा आला. मी गप्प राहिले असते तर तुमचं नाव राहिलं असतं आणि खाचर गेलं असतं. तुम्ही यातलं काय निवडलं असतं, हे मला विचारावं लागलं नाही.

"खेकडे नव्हते, भाऊजी," मी म्हटलं. "वन्संनी शालूच्या लग्नाच्या चुलींसाठी तिथलं ताट काढलं होतं."

मग सोमी हंडा खाली ठेवत म्हणाली, "खेकडा व्हता ना, दादा. दोन पायांचा व्हता."

जानकू तिच्यावर डोळे वटारायला गेला आणि त्यालाच हसू फुटलं. मीही हसले, वन्सं. तुम्हाला खेकडा म्हटलं आणि मी हसले. भाऊजीही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्हाला वाटायचं ना, ताईला सगळं कळतं. ते त्यांना मोडायचं नव्हतं."

ते कोपऱ्यात गेले, टाचेनं जमीन दाबून बघत राहिले. मग तिथूनच म्हणाले, "या वर्षी नको. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही मी आहे," मी म्हटलं.

"आणि त्या नांगराचं काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?"

"परसात चालवा. केळी लावा. तिथं पाणी साठून चालत नाही, तिथं तो शोभेल."

तुमच्यावर माझा राग एवढाच आहे. भावाच्या नजरेत मोठं राहायचं म्हणून तुम्ही त्याला शेतातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवायची टाळलीत. तो तुम्हाला कमी समजला असता का? आज तुम्ही त्याला पाहायला हवं होतं.

खोल खड्डा बुजवायचा होता. जानकू माती लोटायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. ताट फुटलं तिथे नुसती माती लोटून भागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. निळसर माती वेगळी काढून ठेवली होती, ती रेतीवर घातली, शेण घातलं, पाणी ओतलं. सोमी उतरली, मी उतरले. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, मी डगमगले. तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरलं. भाऊजी पायताण काढून, धोतर खोचून खड्ड्यात उतरले होते. "कसं तुडवायचं ते तरी सांगा, मडम," ते म्हणाले.

ते नाव ऐकून किती वर्षं झाली होती.

वन्सं, माझे पाय चालतात तोवर तुमच्या खाचरात वीतभराखाली फाळ जाणार नाही. पुढच्या वर्षी भाऊजींनी पुन्हा विषय काढला, तर मी पुन्हा दोन खड्डे खणायला लावीन, त्याच्या पुढच्या वर्षीही. शालू माहेरपणाला आली की तिलाही तिथे नेऊन तळहातावर माती ठेवीन, ती लाजली तर लाजू दे. आणि आज खणला त्या जागी उद्या भात पिवळा पडला, तर मी सांगेन की तो खड्डा मी खणायला लावला होता. खेकड्यांचं नाव घेणार नाही.

तुमची,
मडम