विभागप्रमुखाचा नंबर

कन्हेरी, बुधवार, संध्याकाळ

कृषी महाविद्यालयाच्या समितीवर मी शेतकरी सभासद. तिथं विभागप्रमुखपद नंबरानं फिरतं, यंदा नंबर मोरेबाईंचा. आज सभेत प्राचार्य म्हणाले, "यापुढं प्रमुख आम्हीच नेमू." सगळे मास्तर चहा फुंकत बसले. मला राहवलं न्हाय.

"साहेब, पाटाचं पाणी शेवटच्या शेतापाशी आलं की नियम बदलता व्हय?"

विषय सोमवारवर गेला. मी आपला खूश. बाहेर बाई हळूच म्हणाल्या, "आबा, कशाला बोललात? मला रोज त्यांच्याच हाताखाली काम करायचंय."

तेव्हापासून जिवाला चैन न्हाय. बाईंचं भलं केलं, का अवघड करून ठेवलं? नंबर त्यांचा, भांडलो मी. सोमवारी सभेआधी त्यांनाच गाठून विचारीन, बाई, तुम्हाला हे पद हवंय का? आज तेवढं कुणीच विचारलं न्हाय. मीसुद्धा.