घरात विचारून सांगते

मी आक्काताई मानसिंग सूर्यवंशी, वय ५०, राहणार सूर्यवंशी मळा, ता. तासगाव, जि. सांगली, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीवर असल्याचा दाखला मिरजेच्या डॉक्टरांनी दिला आहे. दबाव कोणाचाही नाही. घरातले आता माझ्याशी मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत.

१. माहेरकडून माझ्या नावावर आलेली वीस गुंठे द्राक्षबाग सून प्रांजल हिला द्यावी. सातबाऱ्यावर नाव तिचेच लागावे. मुलाला बापाचे मिळणार आहे.

२. पाटल्या, बोरमाळ आणि शिलाई मशीन मुलगी शिवांजली हिला. पायडल करकरते, तेल घालत जावे.

३. यजमान मानसिंग यांना पोस्टातली ठेव आणि माझी एक तक्रार. मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे हे मिरजेत कळले, तेव्हा ते म्हणाले, "पलटणीत फोन करून आधीच का न्हाई सांगितलंस?" ते तेव्हा फौजेत, घरचा फोन स्पीकरवर, भोवती सगळे घर. असली गोष्ट मी कशी सांगणार होते?

४. दीर तात्याबा यांना काहीही देत नाही. सहा वर्षांपूर्वी गावच्या शिबिरात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखे औषध लावून तपासले. माझ्या आणि शेजारच्या शालूबाईच्या, दोघींच्याही तिथे पांढरा डाग उठला. नर्सबाई म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, पुढे होऊ शकतो. यंत्राने आत्ताच जाळून टाकू, फार वेळ लागत नाही. मी म्हणाले, घरात विचारून सांगते. शालूबाई विधवा. ती म्हणाली, "मला कोण हाय विचारायला? करा बाई." ती आज शेळ्या राखते आणि मला पेज करून आणते.

मी घरी विचारले. तात्याबा म्हणाले, "वहिनी, येवढा बेदाणा शेडवर पडू दे, मग बघू." बेदाणा पडला. मग छाटणी आली, मग लग्नसराई. बागेचे एकही काम कधी थांबले नाही, माझे तेवढे थांबले. याचा मला राग आहे आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

५. परवा आरोग्य केंद्राच्या आशाताई येत्या गुरुवारच्या शिबिराचे सांगायला आल्या. प्रांजलची तिशी उलटली आहे. तिचे उत्तर मी अंथरुणावरून ऐकले: "घरात विचारून सांगते." मी हाक मारून म्हणाले, मी हो म्हणते, तू जा. तर म्हणाली, "व्हय आत्या, पर ह्यांनला येकदा विचारते की." मला बघूनही. तोंडी शब्द या घरात चालत नाही, म्हणून हे लिहून देते.

वकील म्हणाले, ज्यांना काही मिळत नाही त्यांनाच साक्षीदार करा. तात्याबांना निरोप धाडला, तर उत्तर आले, "येवढी छाटणी उरकू दे, मग येतो." शालूबाई जाऊन त्यांना बागेतून घेऊन आली.

६. या घरातल्या आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक बाईला ही तपासणी, आणि लागलाच तर त्याच दिवशी उपचार करून घेण्याची परवानगी मी घरची थोरली म्हणून देते. परवानगी लागू नये, पण लागते. प्रांजल, घरात विचारून झाले आहे. घर हो म्हणाले आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. हे कलम तेवढे आजपासून लागू.

ठिकाण : सूर्यवंशी मळा, ता. तासगाव
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४

सही : आक्काताई मानसिंग सूर्यवंशी

आमच्यासमोर वाचून दाखवले, आम्ही ऐकले :
१. तात्याबा सूर्यवंशी (सही)
२. शालूबाई जोतीराम झांबरे (अंगठा)