चालती बाई आधी

७ फेब्रुवारी
भोकरदन रोडवर ट्रॉली पलटी झाली! पिंपळगाव रेणुकाईहून देवीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं. नऊ जखमी — आणि आमची एकच ॲम्ब्युलन्स. दुसरी यायला चाळीस मिनिटं.

कडूबा नावाचा माणूस पाय मोडून जिवाच्या आकांताने ओरडत होता. सगळे मला त्याच्याकडेच ओढत होते. पण त्याची नाडी बराबर, शिव्याही खणखणीत! त्याची बायको सोनूबाई मात्र सगळ्यांना पाणी पाजत फिरत होती.

"मला काय न्हाई झालं, डॉक्टरीणबाई. दांडा लागला जरासा पोटाला."

ओठ पांढरे. हात गार, घामेजलेला. नाडी एकशे चाळीस. तिचं नख दाबून सोडलं — एक, दोन, तीन, चार... गुलाबी होईचना. पोट टणक. आत रक्तस्राव!

"हिला आधी!"

लोक खवळले. "चालत्या बाईला नेता अन् पाय मोडलेल्याला सोडून चालले?" एकाने तर गाडीचं दारच धरलं. सोनूबाईची पोरगी शीतल — तिनं तो हात झटकला. "जाऊ द्या त्यांना!" आमचे ड्रायव्हर तातेराव एवढंच म्हणाले, "मॅडम, बसा जल्दी."

वाटेतूनच दवाखान्याला फोन केला — सर्जन आणि रक्त तयार ठेवा. पोचेपर्यंत नाडी हाताला लागेना.

८ फेब्रुवारी
वाचली! प्लीहा फाटली होती. सर्जन म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं, आणि हाती काही लागलं नसतं." बाकीचे आठही ठीक. घरी येऊन अम्मीला मिठी मारली — तिच्या हाताला लागलेलं पीठ माझ्या केसांत. "मदीहा, पागल झालीस का?" हो. बिलकुल!

९ फेब्रुवारी
झोप. नुसती झोप.

१३ फेब्रुवारी
वॉर्डात गेल्ते. सोनूबाई उठून बसलीय. शेजारी चाकाच्या खुर्चीत कडूबा, पाय प्लास्टरात. म्हणाला, "लई शिव्या देल्या तुम्हाला. पण एक बी परत घेत न्हाई — पाय खरंच दुखत व्हता!" सोनूबाई टाके धरून हसली. "आवो, हसवू नका!"

शीतलने हळूच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तिचंच नख दाबून दाखवलं. दोन आकडे मोजेपर्यंत रंग परत यायला हवा. मंग काय, पोरीनं अख्ख्या वॉर्डाची नखं दाबली!

२ मार्च
दुपारी शीतलचा फोन. "मॅडम, आमच्या फाट्यावर जीप उलटली. गाडी बोलावली. सहा जण हायेत. एक आजोबा गप बसून राह्यलेत — पाच मोजले तरी नखाला रंग येत न्हाई. त्यांना आधी न्या. बाकीच्यांपाशी मी थांबते."

मी अजून बूटही घातले नव्हते.