फ्रीगंजचा रविवारचा बर्गर

उज्जैन, गुरुवार, नोव्हेंबर १९९६

आज शाळेत पीएच.डी.साठी मुलांच्या बाहेरच्या खाण्याची प्रश्नावली भरून घेतली. सातवीतल्या पल्लवीच्या आईला मी समजावलं, "दर रविवारी बर्गर नको, वजन वाढतंय तिचं."

"बंद करते, मॅडम," म्हणाली आणि निघाली.

मग पल्लवी रडायलाच लागली. "फ्रीगंजच्या बाजारात बर्गर खाताना बाबा आईवर ओरडत नाहीत. लोग देखते हैं ना, मॅडम."

मी फाटकापर्यंत धावले. आई गेली होती. 'बंद करते' किती पटकन म्हणाली! आणि भेटली असती तरी काय सांगणार होते, खात राहा?

परतले तर पल्लवीनं डोळे पुसून 'बर्गर का खाता?' यापुढे 'चवीसाठी' लिहिलं होतं. मी कागद गठ्ठ्यात ठेवला.