नरसय्याचा अंगठा

सोलापूर, ९ डिसेंबर १९७५

तो अंगठा डोळ्यांसमोरून हलत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाची चित्रं पहिल्यांदाच आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आली. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून माणसं जमवायचं काम माझ्याकडे. विणकरांच्या गल्लीत दारोदार सांगत फिरलो, "चित्रं सरकारची, म्हणजे तुमचीच. बघायला या."

आज सगळ्यांच्या आधी नरसय्या आला. चादरी विणतो. एका मोठ्या तैलचित्रापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मग चौकटीमागे दुमडलेल्या चित्राच्या कापडाची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली. माग चालवणारा माणूस कापड असंच बघतो. "सर, सूत लई पक्कं हाय की," म्हणाला.

चित्रांबरोबर आलेले अधिकारी धावत आले. दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. रंगाला त्याचा हातही लागला नव्हता, मी बघत होतो. पण तोंड उघडलं नाही. का? नोकरीची भीती? की दिल्लीच्या माणसापुढे मलाही तो अडाणी वाटला?

जाताना नरसय्या अंगठा धोतराला पुसत होता. पुन्हा पुन्हा.

संध्याकाळी त्याच अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला. उद्यापासून फक्त कॉलेजची मुलं आणि पासवाले. "आणि मास्तर, दारात तुम्हीच उभे राहा. ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत."

उद्या सकाळी दहाला त्या गल्लीतल्या बायका येणार आहेत, माग बंद ठेवून. दहाची वेळ मीच दिली होती.