दातांच्या दवाखान्यातला कोंबडा

प्रिय ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (मनातल्या मनात ठेवलंय. कंबर धरली आहे, खरोखर वाकले तर उठवायला माणूस लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस का नुसती बाटलीकडे बघत बसतेस? शेजारणीशी बोलणं सुरू झालं का? झालं नसेल तर तूच आधी बोल, चूक तुझीच होती. इथे सगळे बरे आहेत. मी बरी आहे, लेक बरी आहे, जावई बरा आहे, आणि आपली नात भिंगरी तर इतकी बरी आहे की बाकीच्यांना बरं राहू देत नाही.

तू फोनवर फोन केलेस आणि मी उचलला नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. बस. पण आधी हे पुरतं वाच. फोन आता सापडलाय, तरी मी पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "अगं" म्हणते तोवर तुझं सगळं सांगून होतं आणि वर "ठेवते" म्हणतेस. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली, पण तुझी तिसरीतच सुटली होती.

मला तू इथे कशाला पाठवलंस ते मी विसरलेले नाही. लेक लांब पल्ल्याची बस चालवते, निघाली की दोन-तीन दिवस घरी नाही, आणि मागे हे पोर बापाच्या जिवावर. पुरुषाच्या हाती पोर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं आपलं दोघींचं मत. (मीच जास्त बोलले होते, मान्य.) तेव्हा मी जावं, चार दिवस गोडीत राहावं, आणि भिंगरीला शाळेत जाईपर्यंत आपल्याकडे घेऊन यावं, असं ठरलं होतं. तिच्या कपड्यांसाठी मी येताना रिकामी पिशवीही आणली होती. तू तिकडे रोज वाट बघतेयस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगते.

जावयाचं काम तुला माहीत नाही, म्हणून सांगते. लोकांचे जुने सोफे, खुर्च्या घरी आणतो, त्यांची पोटं फाडतो, आतला सडका काथ्या काढतो, नवा फोम भरतो आणि वरून नवं कापड ठोकून, शिवून देतो. हे सगळं पुढच्या खोलीत. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. पत्रातही करत बसले तर शाई पुरायची नाही.) आले त्या दिवशी दार उघडलं तर समोर पोट फाडलेला सोफा, स्प्रिंगा बाहेर, आणि त्यात मधोमध बसलेली आपली नात, डोक्यावर कापूस, अंगात बापाचा सदरा, हातात पळी. मी म्हटलं, झालं, हेच बघायला आले. पिशवी तिथेच उघडून कपडे भरणार होते, पण प्रवासाने पाय सुजले होते म्हणून बसले. बसले तिथेही एक पळी होती.

त्या खोलीत हे पोर जिवंत कसं राहिलं हा मला पहिला प्रश्न पडला. कात्री, दाभण, खिळे, हातोडी, एकेक बघून घ्यावं. पण दोन दिवसांत ध्यानात आलं की खालच्या अंगाला एकही टोकदार वस्तू नाही. सगळी हत्यारं छताच्या हुकाला टांगलेल्या टोपलीत. टोपली दोरीने खाली घेतो, काम झालं की वर ओढतो, विहिरीत बादली सोडावी तशी, फक्त उलटी. आणि खिळे. या धंद्यातली माणसं बारीक खिळे तोंडात धरतात आणि एकेक जिभेवर काढून ठोकतात. त्याचा बाप तसाच करायचा, तोही तसाच शिकला. आता त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्यात एक लोहचुंबक बसवलाय आणि खिळे त्याला चिकटवून ठेवतो. मी विचारलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणाला, "आई, ही दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असते. मी जे तोंडात घालीन तेच ती घालणार." ताई, आपल्या घरात तंबाखूची डबी कुठे असायची आठवतं का? पाळण्यात. उशीखाली. कोणी उचलू नये म्हणून.

तरी मी हार मानली नव्हती. जेवायला बसवलं की पोरगी पळते, आंघोळीला काढलं की नागडी जिन्यात, एका शेजाऱ्याच्या दारात उभी राहून टाळ्या पिटते. मी ओरडते. तो ओरडत नाही. एकदा ती खुर्चीवरून आपटली. मी सवयीने सुरू केलं, कोणी सांगितलं होतं चढायला, चांगलं झालं. तो आला, खाली बसला आणि म्हणाला, "काय झालं ते मला सांग." मला हसू आलं. दीड वीत जीव, शब्द मोजून पंधरा-वीस, ती काय सांगणार? पण तिने सांगितलं गं. रडत रडत, खुर्चीकडे बोट दाखवून, "वर... धप्प... खुच्ची वाईट." तो म्हणाला बरं, मग? तर मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता रडायचं विसरली. आपल्याला असं कोणी विचारलं होतं? आपल्या बापाला तर हाक मारतानाही आधी तिघा भावंडांची नावं आठवायची आणि शेवटी "ए, तू" म्हणून भागायचं.

आता मुख्य गोष्ट. या पोरीला वस्तू झोपवायचा नाद आहे. फाडलेल्या सोफ्याचं पोट म्हणजे तिला अंथरूण वाटतं. त्यात पळ्या, मोजे, बटाटा, जे मिळेल ते नेऊन ठेवायचं, वर कापसाचं पांघरूण घालायचं आणि "जोजो" म्हणायचं. म्हणून जावयाचा नियम असा की शेवटची शिवण घालायच्या आधी गुडघे टेकून बसायचं आणि तिला म्हणायचं, चला, सगळ्यांना उठवा. मग ती हात घालून एकेकाला बाहेर काढते, बापाला दाखवते आणि हा बाप्या माणूस बटाट्याला विचारतो, "काय, झोप झाली का?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, लेकीने माणूस पारखून घेतला नाही.

तर दातांच्या डॉक्टरचा एक लांब सोफा आला होता, त्याच्या दवाखान्यात पेशंट बसतात तो. हा नीट झाला तर बाकीच्या सगळ्या खुर्च्याही यालाच मिळणार होत्या, म्हणून जावई त्यावर जीव तोडून काम करत होता. सोफा न्यायला टेम्पो यायचा होता, मागची एकच शिवण राहिली होती, आणि नेमकी तेव्हाच भिंगरीने कापड चिकटवायची खळ अंगावर ओतून घेतली. तिला घेऊन तो न्हाणीघरात गेला. मी म्हटलं, एवढी एक शिवण, त्यात काय? मी जन्मभर दुकानांचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या. दाभण घेतलं, सुतळी ओवली आणि अशी घट्ट शिवण मारली की बघत राहावं. टेम्पोवाल्याला मीच हात दाखवला. जावई पोरीला पुसत बाहेर आला तोवर सोफा गल्लीच्या तोंडाला लागला होता. त्याने शिवण कधी झाली विचारलं, मी म्हटलं, आभार नंतर माना.

दुपारी माझा फोन सापडेना. मी घर डोक्यावर घेतलं. त्याला बोलले, टेम्पोवाल्याला बोलले, शेजाऱ्यालाही बोलले. पोरगी सारखी माझा पदर ओढून सांगत होती, "आजी फोन जोजो." मी म्हटलं, हो बाई, तुझा जोजो, बाजूला हो. जावई मात्र हातातलं काम ठेवून तिच्यासमोर बसला. कुठे जोजो? तिने मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं, जिथे सकाळपर्यंत सोफा होता. मग त्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आई, उठवलं होतं का?"

ताई, मी चपला पायात घातल्या.

तिघं निघालो. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच कोंबडा ऐकू आला. (माझ्या फोनला कोंबड्याची बांग आहे, धाकट्या पुतण्याने लावून दिलेली, मला काढता येत नाही.) आत खोली भरलेली. सोफ्याच्या मधोमध गाल सुजलेला एक जाडजूड माणूस बसलेला, आणि त्याच्या खालून कोंबडा आरवतोय. लोक त्याच्याकडे बघतायत. तो बिचारा तोंडाला रुमाल लावून मानेने नाही नाही म्हणतोय. कोंबडा थांबला की सगळे सुस्कारा टाकतात, तोवर पुन्हा सुरू. एवढ्या चिकाटीने फोन करणारी माणसं जगात किती आहेत? एकच. पोरगी कधी आणतेस, एवढंच विचारायला तू त्या माणसाला दुपारभर आरवायला लावलंस.

डॉक्टर पक्कड हातात घेऊनच बाहेर आला. समोर जावई, त्याच्याही हातात पक्कड. सुजलेल्या गालाच्या माणसाने दोन्ही पकडींकडे बघितलं आणि डोळे मिटले. तो जागचा उठेना, उठलं की नंबर जातो अशी त्याला भीती. डॉक्टर तापला होता, हे काय काम म्हणायचं, असल्या सोफ्यावर पेशंटला बसवायचं का. त्या सगळ्या खुर्च्या मला हातच्या जाताना दिसत होत्या. जावई म्हणाला, "माफ करा, शिवण्याआधी बघायचं माझ्याकडून राहिलं." माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. मला सांग, आपल्या घरातल्या कुठल्या पुरुषाने आजवर दुसऱ्याची चूक अंगावर घेतली? स्वतःचीसुद्धा घेतली नाही. मी म्हटलं, डॉक्टर, हे खोटं बोलतायत, शिवण माझी आहे, काय बोलायचं ते मला बोला. डॉक्टर माझं तोंड बघून दोन पावलं मागे सरला. तेवढी समज त्याला होती.

मग नंबर जाणार नाही असं डॉक्टरने कबूल केल्यावर तो माणूस उठला आणि सोफा पालथा झाला. शिवण काही उसवेना. (मी सांगितलं ना, घट्ट मारली होती.) जावयाला घाम फुटला, शेवटी डॉक्टरने त्याचं बारीक हत्यार आणून दिलं. पोट उघडलं तसं भिंगरी पुढे झाली, हात आत घातला, आणि भर दवाखान्यात एकेकाला उठवायला लागली. फोन निघाला. पळी निघाली. बापाचा मोजा निघाला. एक कांदा निघाला. प्रत्येक वेळी बाप विचारतोय, झोप झाली का, आणि लोक हसतायत. तो सुजलेला माणूस हसला, कळ आली म्हणून विव्हळला, पुन्हा हसला. जाताना पोरीने त्याचा रुमाल मागितला, झोपवायला. डॉक्टरने उसवलेली शिवण बोटांनी चाचपली आणि ही शिवण कोणी घातली म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत जावई म्हणाला, "आमच्या आईंची." आमच्या म्हणाला. बाकीच्या खुर्च्या मिळाल्या. डॉक्टरची अट एवढीच, शिवण तशीच हवी, पण आतलं बिऱ्हाड बाहेर काढून.

तर ताई, पोरगी येत नाही. तुला वाईट वाटेल, वाटू दे, मलाही तुला हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण जिथे हे पोर आहे तिथे ते आधीच कोणाच्या तरी डोळ्यांपुढे आहे, आणि आपण दोघी मिळूनही तिला तितकं बघणार नाही. मी तर तिचं ऐकतसुद्धा नव्हते. लेकीला असा माणूस मिळाला म्हणून मी मनात रोज देवाला हात जोडते. चारचौघांत आपण त्याला जे जे म्हटलं ते तू तुझ्या बाजूने मागे घे, मी माझ्या बाजूने घेतलंय.

शेजारणीला माझा नमस्कार सांग. तेल चोळ.

तुझी,
धाकटी

ता. क. — वर जावयाचं जे कौतुक लिहिलंय ते त्याला कळू देऊ नकोस. तोंडावर कौतुक केलं की तो लाजतो आणि हातोडी बोटावर मारून घेतो. कामाचं नुकसान होतं.

ता. क. — पोरगी येत नाही हे लिहिलं, मी कधी येते ते लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मला इथे राहायचंय. राहा म्हणून त्यांनी सांगितलेलं नाही, आणि मी मागितलेलं नाही. जगाला तोंडावर बोलते मी, पण एवढं एक वाक्य गेले कित्येक दिवस जिभेवर येतं आणि परत जातं. ज्याचं पोर न्यायला आले त्याच्याकडे जागा कुठल्या तोंडाने मागू? तेव्हा तू त्याला वेगळं पत्र लिही, तुझ्या नावाने. लिही की आपल्या घराची भिंत पडली, दुरुस्ती लांबणार, धाकटीला तिथेच ठेवून घ्या. तो चौकशी करणारा माणूस आहे, खोटं चटकन ओळखेल, म्हणून खरंच एखादी भिंत पाड.

ता. क. — स्वयंपाकघराची पाड, तशीही कललेली आहे. आणि मग तुलाही कुठे तरी राहायला लागेलच. दोन बायका मावतील एवढा एक सोफा इथे पडून आहे, कोणी न्यायला आलेलं नाही, तो मी अडवून ठेवते.